काट्यावरचा भात

...आणि वर ती डॉक्टरीण मलाच विचारते, "काका, रात्री भात किती खाता?" किती म्हणजे? भात काय मोजून खातात? आमच्या उरणकडे ताटात आधी भाताचा ढीग, मग ढिगाला मधोमध खड्डा, खड्ड्यात जिताडा माशाचं कालवण... जाऊ द्या. तुम्हाला सांगतो, पाच महिने झाले, मी मागितलं काय? भात!

एकतीस वर्षं बातमीदारी केली. भल्याभल्या साहेबांना भर सभेत उभं करून जाब विचारला, आणि ही मृणाल डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाची, मला काट्यावर उभं करते. सत्त्याण्णव किलो. "साखर अजून काठावर आहे, काका. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. सात किलो उतरवा, बहुतेक मागे फिरेल." मी म्हटलं, बहुतेक म्हणजे किती? खात्रीने सांगा. तर म्हणते, "खात्री एवढीच की असेच वाढत राहिलात तर धोकाही वाढेल."

माझे वडील परातभर भात खायचे. अंगावर मांस नव्हतं! ते तिला सांगितलं. तर विचारते, "ते दिवसभर काय करायचे?" खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून खारबंदिस्ती करायचे, चिखल उपसायचे. "आणि तुम्ही?" ...मी त्यांच्याबद्दल लिहायचो. बसून.

आता, दुसऱ्या सूत्राकडून खात्री केल्याशिवाय मी आयुष्यात एक ओळ छापली नाही. दवाखान्याचा काटा मी का मानू? तडक गेलो पुतण्याकडे. निकेतचा वजनकाटा आहे, कंटेनरच्या ट्रकांचा. साठ टन झेपतात त्याला, मी कोण! उभा राहिलो ऐटीत. आकडा आला शंभर. मी म्हटलं, अरे, तीन किलो कुठून आणलेस? निकेत म्हणतो, "काका, हा दहा-दहाच्या टप्प्यानेच दाखवतो. उतर आता, मागे ट्रेलर थांबलाय." आणि पावती दिली. वाहन क्रमांक: काका. माल: काका.

हसताय? हसा. पण तो काटा जिथे आहे ना, तिथे आमचं खाचर होतं. कापणीच्या दिवसांत त्या बांधावरून मी आणि दत्तात्रेयदादा, निकेतचा बाप, पळत घरी यायचो, कारण नव्या तांदळाचा वास बांधापर्यंत यायचा. त्या वासासाठी आजही... असो. दादा आता पळत नाही. साखरेने उजव्या पायाची दोन बोटं नेली. उंबऱ्याशी बसून असतो. पावती बघून तो एवढंच म्हणाला, "तुजे पाय हायत अजून. चाल."

तर चाललो. काय करणार? रोज सकाळी घर ते काटा, काटा ते घर. रात्री कोकिळा, म्हणजे आमची मंडळी, ताटात काकडी वाढते, मूग वाढते, नाचणीची अर्धी भाकरी वाढते. मी मागितलं काय? भात! ती म्हणते, "पावतीवर नव्वद आणा, मग बोला." आणि तो काटा हलेल तर शपथ! महिन्यामागून महिने शंभर म्हणजे शंभर. ट्रकवालेसुद्धा विचारायला लागले, "काका, आज किती टन?"

आणि काल... नव्वद! खरे किती, चौऱ्याण्णव असतील, कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्या सूत्राकडे गेलो नाही. पावती घेतली, दादाला दाखवली, तो पहिल्यांदा हसला, आणि घरी येऊन ती कोकिळेच्या हातात ठेवली.

तिने खरंच भात टाकला हो. नवा तांदूळ. तोच वास! मी मांडी घालून बसलो. कालवण आलं, ताट आलं, आणि ताटात भात... वाटीने पाडलेली एक मूद. एक! खड्डा कुठे पाडू? मी म्हटलं, अगं, एवढ्याने निकेतच्या काट्यावरचा आकडासुद्धा हलणार नाही.

"म्हणूनच वाढलाय," ती म्हणाली.