तांबी बसवली, आन आत्याबाईंनी वहाना सोडल्या

माझं माह्यार पाथर्डीकडचं, सासरबी तिकडंच. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मी फडावरच्या कोपीत, पाचटाच्या खोपटातच वाढले, लगीन झालं आन त्याच साली कोयता हातात आला. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं मानूस म्हंजी अर्धा, म्हनून बाई बसली की नवऱ्याचं बी काम बसतं. काय सांगू ताई तुमाला, थोरलीच्या वक्ताला पोट पुढं आन डोक्यावर मोळी, तशीच ट्रकची फळी चढायचे. धाकटी तर फडाच्या कडंलाच झाली, रगात थांबंना, मला वाटलं पोरी उघड्या पडत्यात आता.

तवापासून मनात एकच, आता मला न्हाई झेपायचं. मुकादमाची बायको म्हनली, गर्भाची पिशवीच काढून टाक, कटकट मिटंल. पर माझ्या जावंनं काढली हुती ना, तरनी ताठी बाई, आता तिला वाकाया येत न्हाई, बसल्या जागी घाम सुटतो, रडती उगंच. लई भ्याले मी. मग गावातल्या नर्सबाईकडं गेले. त्या म्हनल्या, तांबी बसव, लई वर्सं चालती, पायजे तवा काढता येती. मी म्हनलं, बाई, मोळी उचलताना सरकून काळजात गेली तर? फडातल्या समद्या बाया असंच म्हनत्यात. त्या हसल्या न्हाईत, म्हनल्या, ओझ्यानं ती हालत न्हाई, पयले काई म्हयने पाळी जास्त जाईल, लईच झालं तर माझ्याकडं ये.

मालकांना सांगितलं. ते म्हनले, बसव, तू ऱ्हायली तर समदं, पर आईला सांगू नको, तिला नातू पायजे. मी जाऊन बसवून घेतली.

आत्याबाई, म्हंजी माझी सासू, लई मायाळू, आमी फडात असतो तवा पोरींना त्याच सांभाळत्यात. आन त्यांनी देवीला नवस केला, नातू हुईस्तवर पायात वहान घालनार न्हाई. आमचं रान म्हंजी नुसतं काटं आन खडं, टाचा फाटल्यात पार. मालकांनी नव्या चपला आनल्या, त्या खुंटीला टांगल्या, म्हनल्या, नातवाला कडंवर घेऊनच घालीन. सांगावं तर तांबी काढाया लावत्याल, न सांगावं तर ते पाय बघवत न्हाईत. माझा जीव बी जीवच हाय ना, ताई?

परवा त्यांच्या टाचांत मेन भरीत हुते, तर डोक्यावर हात ठिवला, म्हनल्या, माय, देवी तुझ्या पदरात ल्योक घालू दे. मी व्हय म्हनलं, आन म्हनलं, आता दुसरा पाय पुढं घ्या.