करडईच्या तीन वाट्या

तमन्ना : अब्बा, किती येरझाऱ्या घालाल! साहेबराव अकराला येणारेत. बसा बघू.

अमीर : बसवत न्हाय. भवानीनगरच्या दुकानात त्याला एकच तेल ठेवायचंय. त्यानं तुझ्या मशीनचं पसंत केलं, की माझा लाकडी घाणा गेला सरपणात.

तमन्ना : पण घाण्याला दोन-दोन तास लागतात, वर पेंडीत तेल राहतं ते वेगळंच. मशीन तेवढ्यात पोतं संपवतं.

अमीर : आन् बी तापवतं त्याचं काय? घाण्यात बी थंड राहती, म्हनून तर वास टिकतो. ते रिफाइंडवाले तर रसायनानं तेल काढत्यात. त्याला कसला वास न् कसलं काय!

तमन्ना : बरं, मग डोळे मिटा. तीन वाट्या ठेवते. घाण्याची कुठली?

अमीर : चाळीस वरसं झाली मला घाण्यावर, आन् तू परीक्षा घेतीस व्हय? ...ही.

तमन्ना : नीट वास घ्या.

अमीर : घेतला की! हीच.

तमन्ना : अब्बा, ही बाजारातल्या रिफाइंडची आहे.

(अमीर वाटी खाली ठेवतो.)

तमन्ना : परवा मशीनमधी करडई करपली, पार काटेवाडीच्या रस्त्यापर्यंत वास गेला. तुम्ही मशीनपाशीच उभे होता, तरी कळलं नाही. कधीपासून वास येत नाही?

अमीर : रमजानच्या आधी सर्दी झाली व्हती. सर्दी गेली, वास काय आला न्हाय. अम्मीला बोलू नगंस हां. ईदला तिच्या शिरखुर्म्याची लई तारीफ केलीय मी.

तमन्ना : या अल्लाह! आणि साहेबरावांना काय सांगणार होता?

अमीर : म्हनून तर बसवत न्हाय गं.

तमन्ना : मग कालचं घाण्याचं तेल एवढं झकास कसं निघालं?

अमीर : त्याला नाक कशाला? पेंड मुठीत दाबायची. बोटाला ओल लागली, की तेल बाकी हाय. भुगा झाला, की घाणा थांबवायचा.

तमन्ना : तेच करा ना त्यांच्यापुढं, हाताची पारख दिसू दे! घाण्याची आणि मशीनची, दोन्ही पेंडी ठेवते. वासाचं मी बोलते.

अमीर : तू? तुला तर मशीन पाहिजे हाय न्हवं?

तमन्ना : मशीन पाहिजेच आहे. पण घाणा कुणी हलवला, तर बघतेच मी. ...गाडी थांबली वाटतं. चला.

अमीर : थांब जरा. ह्या घाण्याच्या वाटीला वास कसा येतोय, सांग की.

तमन्ना : तुमच्या सदऱ्यासारखा, अब्बा.