पाळणा पुण्यात, आत्या नागपुरात

सव्वा तास! "सव्वा तासाचं त विमान आहे, ताई..." असं आता कोणी म्हणून पाहावं, त्याच्या घरचा चहा बंद, तुम्हाले सांगून ठेवते!

झालं काय, माह्या भावाले, वैभवले, बारा वर्षांनी लेकरू झालं. पोरगी! पुण्याले बारसं. आता आत्या नाही त नाव कोण ठेवन? आन् आत्या एकच, मी, पांढुर्ण्याची जयश्री! वैभव फोनवर म्हणते, "नागपूर-पुणे सव्वा तास, ताई. उडालं की उतरलं." तिकिटंच पाठवली त्यानं. दुपारचं विमान, संध्याकाळी पाळणा.

बस्स! आमच्या प्रफुल्लरावांनी ते सव्वा तासच धरून ठेवलं. मी पदर खोचून "निघा न, निघा न" करून राहिली, आन् हे आरामात दाढी घोटून राहिले. "काहून घाबरतं? सव्वा तासाचं त विमान आहे!" अहो, पण ते नागपूरहून उडते, आपल्या दारातून नाही न!

गाडी निघाली, त शेजारचे दादाजी आत येऊन बसले. "नागपूरलेच चालले न? मले बोरगावले उतरवून द्या." बसा बाप्पा. मंग जामसांवलीचं देऊळ. हे म्हणे, "पहिल्यांदा हवेत चाललो, हनुमानजीले नारळ नको?" तिथला देव निजलेला, त्याले कायची घाई! मंग मोहगावले मावससासू. वाटेनं जायचं आन् पाय नाही लावायचा? जमते का? "पुण्याले कायचे संत्रे भेटते, माय!" म्हणून पोतंभर संत्रे गाडीत... आन् चहा... आन् चहावर पोहे! मी घड्याळ दाखवते, त त्या म्हणते, "सव्वा तासाचंच आहे न, सूनबाई? मंग खाय न!" बोरगावले दादाजीच्या लेकीच्या घरी पुन्हा चहा.

मी ओरडली, "अहो, सुटून जाईन!" ह्याईनं वैभवले फोन लावला, "साळेबुवा, त्या विमानाच्या ड्रायव्हरले सांगून ठेवा, पांढुर्ण्याच्या दोन सवाऱ्या येऊन राहिल्या." आमच्या स्टँडवर कंडक्टर थांबते न! ह्याईले वाटलं, तिकिटावर नाव आहे आपलं, सोडून कसे जाईन?

सोडून गेले.

एअरपोर्टच्या काउंटरवरची पोरगी गोड आवाजात म्हणे, "सॉरी मॅडम, चेक-इन बंद झालं." मी त्या संत्र्याच्या पोत्यावरच बसली आन् रडली, खरं सांगते. बारा वर्षं वाट पाहिली हो ह्या दिवसाची...

संध्याकाळी वैभवचाच फोन. "ताई, तुह्याशिवाय नाव नाही. तिच्या कानाशी फोन धरतो." मी डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला, आन् तिथंच, चारचौघांत, हळूच म्हणलं, "कुर्रर्र... प्रणाली!"

आता नाव ठेवताना बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालते, तुम्हाले माहीत आहे. तिकडून वहिनी ओरडली, "अवं, धपाटे राहिले!" बाया पुण्यात, पाठ नागपुरात! कोण घालन? हे उठले न! बाह्या सरसावल्या. लग्नापासूनचं जेवढं साचलं होतं, तेवढं सगळं काढलं हो त्या माणसानं! गार्ड धावत आला, "अरे भाईसाहब, औरत पे हाथ?" मी हसता-रडता सांगून राहिली, "भैया, बारसं है!"

मंग काय... धरली पुण्याची बस. हे सीट मागं पाडून मस्त घोरून राहिले. आन् मी? पुणं येईपर्यंत ताठ बसून... पाठ टेकवता येत होती का!