खंडेनवमीला पूजेत बसलेला पाना

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती हुसेनभाई, अमीरबी वहिनी, आणि कोडोलीहून दोन गाड्या भरून कोल्हापुरात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आपल्या दूध संस्थेची जीप हुसेनभाईंनी सव्वीस वर्षे चालवली आणि मी ती चालती ठेवली. हे काम मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. उघडायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं, एवढीच माझी शाळा. म्हणूनच, गर्व म्हणा हवं तर, माझं काम कुणी तपासलेलं मला खपत नसे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. ती कशी काढायची? आधी ऋण टोकाची वायर सोडायची, मग धन. झाकणं घट्ट हवीत. कोमट पाण्यात खायचा सोडा, दातांचा जुना ब्रश. फेस थांबला की स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, काचकागद. मग वायरी पान्यानं आवळायच्या आणि वरून व्हॅसलीन. आवळल्यावर, आधी नव्हे.

शहाण्णव सालच्या खंडेनवमीला घरच्या अंगणात मी हे सगळं केलं. शेवटी पाना मागितला, तर आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहून मोकळी झालेली. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही आपली रीत.

"पूजंला बसलाय की त्यो! हातानं पिळ, एवढा मोठा मिस्त्री तू."

मी हातानं पिळलं. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात गाडी सुरू. हुसेनभाई स्वतः झेंडूचा हार घेऊन आले, बॉनेटवर बांधला आणि गाडी संस्थेत घेऊन गेले. उद्या सकाळी जाऊन आवळू, असं मी ठरवलं. सकाळी गेलो नाही.

दसऱ्याला दहाच्या सुमारास, संस्थेत झाडलोट करणाऱ्या तानाबाई छातीला हात लावून पायरीवर बसल्या. त्यांचे चिरंजीव जोतीराम आज समोरच बसले आहेत. हुसेनभाईंनी किल्ली फिरवली. कट्. पुन्हा कट्. बॉनेट उघडलं.

"दिसतंय तर झक्क! काल भाऊसोनी केलंय, बॅटरीला हात लावायचं कारण न्हाय. ढकला रं!"

माझ्या नावावर एवढा विश्वास. अकरा माणसांनी गाडी उतारापर्यंत ढकलत नेली, तेव्हा ती सुरू झाली. अठरा मिनिटं गेली. कोल्हापूरच्या दवाखान्याकडे नेताना, शिरोली ओलांडून पंचगंगेच्या पुलावर तानाबाईंनी प्राण सोडला.

ती अठरा मिनिटं मिळाली असती तर? डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला मात्र तो कट् अजून ऐकू येतो. कुलपात किल्ली फिरली तरी येतो, पंख्याचं बटण दाबलं तरी येतो. जेवता जेवता उठून मी लोकांच्या गाड्यांच्या वायरी हलवून बघतो.

संस्थेच्या चौकशीत मला विचारलं, "मिस्त्री, काय झालं असंल?" मी म्हणालो, "रात्री लाईट चालू राहिली असणार." त्या एका वाक्यावर हुसेनभाईंच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. ते माझ्याकडे बघत राहिले.

परवा मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, मी हे सभेत सांगणार आहे. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय, भाऊसो. दवाखान्याच्या दारात दुसऱ्या गाडीवाल्याचा पाना मागून मीच ती आवळली. वायर बोटानं फिरत हुती."

"मग नऊ वर्षं बोलला का न्हाई?"

"तुमी बोलताय का, बघत हुतो की."



जोतीराम, तुमच्यापुढे माझी मान खाली आहे. आक्का, तुझा काही दोष नाही. पाना पूजेत होता, पण दसऱ्याची सकाळ तर माझी होती.

आपण मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे उणं-अधिक झालं असेल, तर ते पोटात घाला. त्या दिवशीची चूक मात्र घालू नका. अध्यक्ष महोदय, हुसेनभाई हार गळ्यात घालून या सभागृहातून बाहेर पडण्याआधी तो शेरा त्यांच्या पुस्तकातून खोडा आणि माझ्या नावावर लिहा. पुरं नाव लिहा. मी इथेच उभा आहे.