मीटरची बादली

—नाय नाय, चपला राहू द्या पायात, सगळा चिखल हाय इथं. मीटर साफ करायलाच आलात ना? मंग टेका जरा, केबिनची चावी आमच्या घरवाल्यांकडं असते, येतील आता. ते इथले वॉचमन, मी मालूबाय, त्यांची बायको. तुमच्या आधी जीवन यायचा, त्यानंच मला सांगितलं — ह्या गोल मीटरात कंपनीचं किती पानी खाडीत जातं ते दिसतं, आन् काळा दांडा पान्यातनं करंट किती जातो ते बघतो. खार जास्त, केमिकल जास्त, तेवढा आकडा वर. तो म्हनं तिकडं सरकारच्या कम्प्युटरवर दिसतो.

मीटर बसवलं तवा अख्ख्या कोळीवाड्यानं पूजा केली त्याची, खोटं नाय सांगत. नारळी पुनवेला दर्याला देतो तसा नारळ दिला, हळदकुंकू लावलं. म्हटलं, आता आकडा चढला की कंपनीला पकडतील, खाडीतला जिताडा मासा परत येईल. पूर्वी हे पाग टाकायचे तर असला जिताडा — पनवेलच्या बाजारात पोचायच्या आधी वाटेतच गिऱ्हाईक. आता? आता पाग टाकला तर जाळ्याचं सूतच सडतं, हातांना खाज सुटते. मंग धरली वॉचमनकी. काय करनार? कंपनीनंच खाडी खाल्ली, आन् कंपनीचंच आमी खातो.

दांडा? तो पायपात नाय, ती बघा, निळ्या बादलीत. अवो, असं काय बघता, कंपनीच्या साहेबांनीच ठेवायला लावलाय. पायपात आकडा चढतो ना. मंग सांजसकाळ मी नळाचं पानी बदलते. वाडीत नळ एकच, तोबी घटकाभर — आमच्या हंड्याच्या आधी ह्याची बादली. आमचं प्यायचं पानी कंपनीचं म्हनून सरकार बघतंय. आन् खरं पानी त्या खालच्या पायपानं जातं, भरती आली की वॉल खोलतात, म्हंजे कोनाला कळत नाय. त्याला मीटरच नाय. जीवनला नव्हतं पटत. त्याला काढला. मी कधी कधी त्या बादलीत बघत बसते — एवढं साफ पानी खाडीत असतं तर — जाऊ दे.

ते काय काढलंत? बाटली कशाला? मीटरवाले बाटल्या नाय आनत.

तुमी कंपनीचे नाय?

मी काय बोलले नाय, आयकलंत? दादा, ह्यांना दम लागतो, चार पावलं चालवत नाय, दुसरं काम कोन देईल? तुमी लिहून न्याल, कंपनी दंड भरंल आन् चालूच राहील, मागंबी तसंच झालं. कामावरनं बाहेर आमीच. तेबी चालंल — पन मासा येईल काय? लिहून नेलंत तर येईल काय? सांगा ना.

बघा. बाटलीचं झाकनच फिरवताय.

जावा मंग, हे यायच्या आत जावा. नळ आलाय, मला बादली भरायचीय.