आईच्या गुडघ्याची बातमी

तुम्ही जाहिरातींना नुसत्या शिव्या देता, आमच्या किल्लारीत एका जाहिरातीनं दोन जावांचं बोलणं बंद पाडलं होतं.

आईचा गुडघा लई दुखायचा. घरात कळू नये म्हणून ती धाकट्या जावेला, म्हणजे सुमनकाकूला, सोबत घेऊन गुपचूप लातूरला हाडाच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली. मग मोबाईलवर लुडो खेळताना मधेच गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात यायला लागली. आई भडकली. "सुमननंच बाहेर सांगितलं! दुसऱ्या कुणाला ठाऊकच न्हाई." आठ दिवस अबोला.

शेवटी मी मोबाईल बघितला. "आई, तू कुठं जातीस ते ह्या खेळाला कळतंय. तूच तशी परवानगी दिलीस."

"मग? इतक्या अदबीनं विचारल्यावर न्हाई कसं म्हणावं?"

मी परवानगी बंद केली. आई तडक काकूकडे गेली अन् चहा पिऊनच परतली.

परवा दोघी शेजारी बसलेल्या असताना खेळानं पुन्हा ठिकाण विचारलं. आईनं ठासून 'नाही' दाबलं अन् मोबाईललाच म्हणाली, "माझ्या जावेला विचार. तिला सगळं ठाऊक हाय, पण जीव गेला तरी सांगायची न्हाई."