जयराजचं काय करायचं

(कोयनानगर, दुपारची वेळ. अर्फाच्या घराची पडवी. प्रियदर्शनीच्या नव्या कादंबरीचं बाड अर्फाच्या मांडीवर.)

अर्फा : लय म्हणजे लयच भारी, ताई! पहिल्या भागापेक्षा हा दुसरा भाग भारी. फक्त जयराजला मारू नका.

प्रियदर्शनी : आधी कौतुक आणि लगेच धमकी! हे ऐकायला इस्लामपूरहून सकाळची एसटी पकडून आले का मी?

अर्फा : धमकी नाही हो, हात जोडते. पुस्तकातली सोनिया तर आता माझी मैत्रीणच झालीये. दोनशे वर्षांनंतरचं आपलं कोयनानगर, घाटातनं हवेवर तरंगत जाणारी एसटी, आणि त्यात कुणालाच उलटी होत नाही! आमच्या अख्ख्या वर्गाला तेच आवडलं.

प्रियदर्शनी : एवढी वर्षं डोकं खपवलं त्या पहिल्या पुस्तकावर, आणि तुम्हाला आवडलं काय, तर उलटी.

अर्फा : भूगिळ्या पण! जमिनीखाली बसून भूकंपाचा धक्का गिळतो आणि त्याचीच वीज करतो. परवा इथं धक्क्यानं जरा भांडी वाजली, तर पोरं वर्गातनं बाहेर पळता पळता ओरडत होती, "भूगिळ्या, गीळ! भूगिळ्या, गीळ!" सरांना पण हसू आवरेना.

प्रियदर्शनी : हे मात्र आवडलं मला. पण आता तो भूगिळ्या म्हातारा झालाय. दुरुस्तीसाठी बंद ठेवतात आणि नेमका तेव्हाच मोठा धक्का येतो. सगळं कायम गोडच चाललं, तर दुसरा भाग लिहायचा कशाला?

अर्फा : येऊ दे की धक्का. घरं पण पडू देत. पण सोनियाचा भाऊ कशाला? एवढंसं पोरगं ते.

प्रियदर्शनी : ते पान लिहिल्यावर मला जेवण गेलं नाही, अर्फा. पण काढलं तर पुस्तक खोटं होईल. सोमवारी प्रकाशकाला द्यायचंय.

अर्फा : मग मी दादीला काय वाचून दाखवू? तिला आता डोळ्यांनी दिसत नाही. पहिला भाग तीनदा वाचून घेतलाय माझ्याकडनं. जयराज आला की हसते आणि म्हणते, "ह्यो तर आमचा कुतुब."

प्रियदर्शनी : कुतुब कोण?

अर्फा : कुतुबुद्दीन. दादीचा धाकटा भाऊ. मोठ्या भूकंपात गेला, घराखाली सापडून.

प्रियदर्शनी : अगं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस?

अर्फा : मला काय माहीत तुम्ही त्याला मारणार आहात! काढा ना ते पान. नाहीतर मी वाचताना जिवंत ठेवते त्याला. दादीला कुठं कळतंय?

अख्तरबी : कळतंय की. डोळं गेल्यात, कान हाइत.

अर्फा : दादी! तू कधी उठलीस?

अख्तरबी : तुजं "मारू नका, मारू नका" ऐकूनच जाग आली. ही लिवणारी बाई व्हय? ये गं, बस माज्या म्होरं. आवाजावरनं तर पोरगीच वाटतीस.

प्रियदर्शनी : सलाम, दादी. मी प्रियदर्शनी.

अख्तरबी : लय चांगलं लिवतीस गं बाई. धक्का गिळायचं यंत्र! आमी जलमभर नुसतं भिऊन भाईर पळालो, कुणाला म्हणून सुचलं न्हाई आसलं काय. आता त्यो पोरगा कसा जातू त्ये सांग.

अर्फा : नको, दादी.

अख्तरबी : तू गप. मी तिला इचारतीया.

प्रियदर्शनी : घर खाली येतं. मदतीची यंत्रं लगेच पोचतात आणि आधी सगळ्या मुलांना उचलून मैदानात नेतात. पुन्हा धक्का आला तर, म्हणून तसा नियमच असतो. सोनियालाही नेतात. जयराज आतनं "आक्का, आक्का" करून हाका मारत असतो. यंत्रं ढिगारा उपसत असतात, पण उशीर होतो.

अख्तरबी : तुला हे कुणी सांगितलं?

प्रियदर्शनी : कुणी नाही. मनानंच लिहिलं.

अख्तरबी : अगं, आसंच झालं हुतं. आब्बांनी मला भाईर ढकललं, कुतुब आत ऱ्हायला. "आपा, आपा" म्हणून वरडत हुता. कुणीतरी मला खांद्यावर टाकलं आन पोरांसंगं मैदानात नेलं. चांगल्यासाठीच नेलं, त्येंचं काय चुकलं न्हाई. पर त्येच्याजवळ कुणीच न्हवतं गं. आन तू तिकडं बसून हे लिवलंस? कमाल हाय तुजी.

प्रियदर्शनी : दादी, काढते मी ते पान. वाचू दे जयराजला.

अख्तरबी : न्हाई. वाचवलास तर मला आवडंल, पर पटायचं न्हाई. जाऊ दे त्येला.

अर्फा : दादी!

अख्तरबी : जाऊ दे. पर सोनियाला मैदानात धाडू नगं.

प्रियदर्शनी : नियम आहे तो, दादी. शहाण्या लोकांचं जग आहे ते. मुलांचा जीव आधी.

अख्तरबी : मग बदल की नियम! त्ये जग तूच केलंस न्हवं? हवंत एसटी उडवाया जमती, आन एका बहिणीला भावाजवळ बसवाया जमंना तुला? तुज्या त्या चांगल्या जमान्यात तरी पोराला एकट्याला हाका मारत ठिवू नगंस.

प्रियदर्शनी : बसवते, दादी. तिला हलवायला आलेलं यंत्रच तिच्या डोक्यावर आडोसा धरेल. ढिगाऱ्याला चिकटून बसेल ती.

अर्फा : मग वाचेन मी. रडेन, पण वाचेन.

प्रियदर्शनी : पण तिच्या तोंडी काय घालू तेच सुचत नाहीये. धीर देईल? देवाचं नाव घ्यायला सांगेल? दादी, एवढ्या वर्षांत तुम्ही मनातल्या मनात कितीतरी बोलला असाल त्याच्याशी.

अख्तरबी : बोलले की, लय बोलले. त्यातलं काय लिवू नगंस. त्यो हाक मारंल, हिनं ओ द्यायची. त्यो गप हुईस्तवर.